कीड : नाही

रविवार, १३ एप्रिल २०२५. चैत्र वद्य प्रतिपदा.

निशिगंधा आली. पनवेलला गाडी बदलून, घामाघूम होऊन. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधी तिने दोन काचेच्या बरण्या टेबलावर ठेवल्या. तोंडाला पातळ कापड, वरून रबर. आत मैदा आणि मैद्यात तांबडे भुंगेरे, शंभर-सव्वाशे तरी असतील.

मी तेहतीस वर्षं रोह्याच्या बाजूला एका संघाच्या धान्य गोदामात गोदामपाल होतो. साठ्याच्या नोंदवहीत शेवटचा रकाना ‘कीड’ असा असायचा. दर पंधरवड्याला मी त्यात ‘नाही’ लिहून सही करायचो. ३१ मार्च २०२३ ला निवृत्त झालो, शेवटची सहीही ‘नाही’ खालीच केली. त्या दिवशी मिळालेली शील्ड शोकेसमध्ये आहे. सवय सुटत नाही म्हणून या रोजनिशीत घरच्या कोठीची नोंद ठेवतो. अशा माणसाच्या घरात त्याच्याच पोरीने भुंगेरे आणावेत!

माझ्या बायकोने, रंभाने, कपाळावर हात मारला. “लोकांच्या पोरी जावई आनतात, आमची टोके घेऊन आली.”

निशा हसत सुटली. तिच्या पुण्याच्या लॅबची दुरुस्ती चाललीय, वीज कधीही जाते. किड्यांचा सगळा वंश एका जागी ठेवू नये, थोडे दुसरीकडे असावेत, असं तिच्या मॅडम म्हणाल्या. दुसरीकडे म्हणजे आमच्या घरी. दोन वर्षं ती या एकाच वंशावर काम करतेय, पीएच.डी. त्याच्यावरच आहे.

“आणलेस कुठून हे?” मी विचारलं.

“पेणच्या एका गिरणीतून,” असं म्हणून ती बरणीचं रबर नीट करू लागली.

मी म्हटलं, पेणवाल्यांनी गणपती घडवावेत, धान्य राखणं त्यांचं काम नव्हे. दोन्ही बरण्यांवर चिठ्ठी आहे, ३१०३२३. वंशाला नंबर असतो म्हणे.

कोठी तपासली. कीड : नाही. (बरण्या सोडून.)

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी निशाने माझ्या हातात भिंग दिलं. मैदा बारीक चाळणीतून चाळला की वर अंडी राहतात. रव्याचा कणही त्यापेक्षा मोठा.

“बाबा, एवढ्याशा अंड्यात तीन-चार दिवसांत सगळं शरीर आखलं जातं. आधी डोकं आणि छातीचे तीन पट्टे, मग मागच्या टोकाकडून एकेक पट्टा वाढत जाऊन पोट तयार होतं.”

“म्हणजे थप्पी लावतो तशी,” मी म्हटलं. “आधी पाया, मग पोत्यांचा एकेक थर.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, हे वाक्य मी प्रबंधात घालणार. मी काही तोंडावर दाखवलं नाही, पण बरं वाटलं.

पुढचं तर मला सारखं आठवतंय. पाय म्हणे कुठल्याही पट्ट्याला फुटू शकतात. छातीच्या तीन पट्ट्यांना फुटतात म्हणून सहा पाय. पोटाच्या पट्ट्यांनाही फुटले असते, पण तिथे काही जीन जागे असतात आणि ते अडवतात. “इथं पाय नाय, असं सांगणं एवढंच त्यांचं काम,” निशा म्हणाली. या बरणीतल्या वंशात पोटाच्या पहिल्या पट्ट्यावर तो जीन जरा ढिला पडलाय. शंभरात तीन-चार अळ्यांना सहा पायांच्या मागे दोन खुंट जास्तीचे येतात. कुणी सुई टोचून केलेलं नाही, आपोआप झालंय, आणि असा वंश तिला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

तेहतीस वर्षं भुंगेरे बघितले, पण पाय मोजायचं कधी डोक्यात आलं नाही. मारणारा कशाला मोजतोय.

मंगळवार, १५ एप्रिल

निशा सकाळच्या गाडीने गेली. कागदावर सूचना लिहून ठेवल्यात : अंधारी, उबदार जागा, दर दोन आठवड्यांनी चाळायचं आणि ताजा मैदा घालायचा, मोठे किडे आपली अंडी खातात म्हणून अंडी वेगळ्या डबीत.

रंभा बरण्या स्वयंपाकघरात ठेवू देईना. मग मी त्या धान्याच्या कोठीत ठेवल्या, वरच्या फळीवर, अंडी घातलेली डबीही शेजारीच. कोठी पत्र्याची, अंधारी, उबदार आणि घट्ट झाकणाची. शिवाय चारही कोपऱ्यांत पारदाच्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असतात, दर गुढीपाडव्याला मी नव्या घालतो. एखादा भुंगेरा निसटलाच तरी आमच्या वालात त्याची पिलावळ वाढायची नाही. एका दगडात दोन पक्षी.

कोठी तपासली. कीड : नाही.

सोमवार, २१ एप्रिल

रघू आला होता, आमचा गोदामातला हमाल. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी बरण्या बाहेर काढून पुसत होतो. त्याने एक बरणी उजेडात धरली.

“सायेब, हे तर आपलेच की!”

“आपले कसले? पेणचे आहेत.”

“व्हय व्हय, पेणचे,” असं म्हणून त्याने गटागट पाणी पिऊन टाकलं. जुन्या माणसांना साहेबाची थट्टा केल्याशिवाय चैन पडत नाही.

सोमवार, २८ एप्रिल

पहिली चाळणी केली. चाळणीला हात सैल लागतो, मनगटातून फिरवावी लागते. निशाला हे कुणी शिकवलं नसणार, तिने व्हिडिओ मागवला. मोठे भुंगेरे सगळे ठणठणीत. अंडी भरपूर. अळी मात्र एकही नाही, बरण्यांत नाही आणि डबीतही नाही. निशा म्हणाली, डबीतली पहिली अंडी प्रवासात दुखावली असतील, बरणीतली मोठ्यांनी खाल्ली असतील, पुढच्या खेपेला बघू.

कोठी तपासली. कीड : नाही.

शनिवार, ३ मे

निशाचा फोन. लॅबमधल्या तिच्या सगळ्या किड्यांना रोग लागला. चार दिवसांत सगळे गेले. रडली असती तर मी समजूत घातली असती, पण ती सपाट आवाजात बोलत होती.

“बाबा, आता जगात हा वंश फक्त तुमच्याकडं हाय.” ती गडबडली की आमच्यासारखी बोलते.

जूनअखेर तिला नव्या अंड्यांतला गर्भ घेऊन तोच निकाल पुन्हा दाखवायचाय. नाही दाखवला तर दोन वर्षांचं काम वाया, आणि विषय बदलून पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, तुझा बाप गोदामपाल आहे. राखणं हेच काम केलंय जन्मभर.

गुरुवार, ८ मे

अळी नाही.

अंडी पिवळी पडून चुरमडलीत. परवा शेजारच्या निलेशबरोबर थोडी अंडी पुण्याला पाठवली होती, तो दर आठवड्याला कंपनीच्या कामाला जातो. आज निशाने भिंगाखाली बघून सांगितलं की आतला गर्भ सुरू होतो, डोक्याचे, छातीचे पट्टे दिसतात, आणि तिथेच थांबतो. पोट तयारच होत नाही. तिला वाटतंय की वंशातच दोष आहे. जो जीन ढिला होता तो आता पुरता बिघडला असेल. मॅडमना तसं लिहावं लागेल म्हणाली.

मी विचारलं, माझं काही चुकलं का. म्हणाली, नाही बाबा, तुमच्याइतकं नीट कुणी ठेवलं नसतं.

रविवार, ११ मे. पेण.

कुणाला न सांगता सकाळच्या गाडीने पेणला गेलो. म्हटलं, ज्या गिरणीतून निशाने किडे नेले तिथे त्याच वंशाचे अजून असतील. गिरणीचं नाव माहीत नव्हतं, म्हणून जेवढ्या सापडल्या तेवढ्या पालथ्या घातल्या. चार गिरण्या झाल्या. सगळीकडे विचारलं, दोन वर्षांमागे एक पोरगी बाटली घेऊन आली होती का.

तिसरा गिरणीवाला तर हातातलं फडकं टाकून उभा राहिला. “बाटली घेऊन? नाय बा. आनि आमच्याकडं कीड नाय, सांगून ठेवतो.”

कोण कबूल करील? त्याच्या जागी मी असतो तर मी तरी केलं असतं का?

परत येताना एका गणपतीच्या कारखान्याशी सावलीला थांबलो. पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. एक कारागीर वेगळ्या साच्यात काढलेले हात धडाला चिकटवत होता. मी विचारलं, कधी चुकीच्या जागी बसतो का हात? तो म्हणाला, “काका, जागा आधीच खुणावलेली असते. तिथंच बसतो.” मला ती चुरमडलेली अंडी आठवली. खुणावणारा कुठे हरवला कोण जाणे. रिकाम्या हाताने घरी आलो.

बुधवार, १४ मे

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

वाल काढायला कोठी उघडली. मी बरण्यांकडे बघत नुसता उभा होतो. रंभा मागून म्हणाली, “तुमच्या कोठीत काय जगंल? तेहतीस वर्षं एक टोका जगू दिला नाय, आता पोरीचे जगतील व्हय?”

ती सहज बोलली आणि वाल घेऊन गेली. मी कोपऱ्यातलं फडकं उचललं. पारदाची गोळी.

ती गोळी मोठ्या किड्याला मारत नाही. पाऱ्याची वाफ हळूहळू सुटते आणि अंड्याला मारते. हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलंय, परातभर वाल समोर घेऊन सांगितलंय. एक महिना मी माझ्या पोरीची अंडी माझ्या हाताने मारली आणि वर रोज ‘कीड : नाही’ लिहीत बसलो.

बरण्या तडक बाहेर काढल्या. नव्या बरण्या, नवा मैदा, नवी चाळणी. मोठे भुंगेरे जिवंत आहेत, म्हणजे आया जिवंत आहेत. ठेवायच्या कुठे? घरात गोळी नाही अशी एकच बंद जागा आहे, शोकेस. शील्ड बाजूला सरकवली आणि बरण्या ठेवल्या.

आता निशाला सांगायचं की नाही? न सांगता भागण्यासारखं आहे. अंडी फुटतील आणि ती म्हणेल वंश आपोआप सुधारला.

गुरुवार, १५ मे

सांगितलं.

सकाळपर्यंत मन मानत नव्हतं. पण ती आज मॅडमना लिहिणार होती की वंश बिघडलाय. तिच्या वहीत माझ्यामुळे खोटं लागलं असतं. फोन लावला आणि एका दमात बोललो. कोठी, गोळ्या, सगळं. “चूक माझी आहे,” असं म्हणालो. हे वाक्य तोंडातून काढायला फार जड गेलं, खरं सांगतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मेल लिहून ठेवला होता. पाठवला नव्हता.” आणि थोड्या वेळाने, “बाबा, चूक झाली असं तुम्ही आधी कधीच म्हणाला नव्हता.”

मी म्हटलं, कधी झालीच नव्हती. ती हसली की रडली ते कळलं नाही. मलाही तुम्हाला एक सांगायचंय, पण समोर आल्यावर, असं म्हणून तिने फोन ठेवला. लग्नाचं वगैरे असेल. रंभाला बोललो नाही.

सोमवार, १९ मे

काही नाही.

बुधवार, २१ मे

अळी! भिंगाखाली एक पांढरा दोरा हलला. मग दुसरा. मोजता मोजता बासष्ट झाले. मी रंभाला एवढ्या मोठ्याने हाक मारली की शेजारून निलेशची आई धावत आली, मला काही झालं असं वाटून.

“टोके झाले!” रंभा तिला सांगत होती. “पोरीचे टोके झाले!” आणि दोघींना मूठमूठभर साखर वाटली.

निशाला फोटो पाठवला. तिने उत्तरात नुसत्या अळ्याच अळ्या काढून पाठवल्या. बासष्ट असाव्यात, मी मोजल्या नाहीत.

सोमवार, २ जून

निलेशबरोबर आणखी दोनदा अंडी पाठवून झाली. निशा लिहिते की पोट पुरं होतंय, सगळे पट्टे आहेत.

आज दुपारी एक अळी काळ्या कागदावर घेतली. पाय मोजले. सहा. त्यांच्या मागे, पोटाच्या पहिल्या पट्ट्याखाली, दोन खुंट. पुन्हा मोजले. रंभाला मोजायला लावले. तिने चष्मा चढवला, भिंग धरलं आणि म्हणाली, “व्हय, आठ हायत. द्वाड कुठचं.”

माझ्या घरात वाढलेली आठ पायांची अळी. लहानपणी निशा पहिली आली तेव्हा पेढे वाटले होते, त्यापेक्षा आज छाती जास्त फुगली. हे लिहिताना लाज वाटत नाही.

रविवार, ८ जून

निशा आली. एक छोटा सूक्ष्मदर्शक आणला आणि काचेवर बसवलेला गर्भ. आपल्या शोकेसमधल्या अंड्यातला. मी डोळा लावला. आधी काही दिसेना, मग निशाने चाक फिरवलं आणि सगळं समोर आलं. डोकं, छाती, मागे पट्ट्यापट्ट्यांचं पोट. छातीला पायांचे तीन जोड अंकुर. पोटाच्या पहिल्या पट्ट्याला आणखी दोन, छोटे. जीन जिथे जागा असतो तिथे तिने निळा रंग चढवला होता. सगळं पोट निळं, फक्त त्या एका पट्ट्यावर निळा फिका.

“निकाल तोच आला,” ती म्हणाली. “मॅडमनी मान्य केलं.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा तिने पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. नमुन्याचा फॉर्म, प्रबंधाला जोडायचा. ‘नमुना कुठून व केव्हा घेतला’ ही ओळ कोरी होती.

“बाबा, हे पेणचे नायत.”

मी बरणीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं. ३१०३२३. रोज बघत होतो.

“तुमच्या निरोपाच्या दिवशी. हार-तुरे चालले होते, तेव्हा मी तिसऱ्या थप्पीमागं गेले. झाडून ठेवलेल्या कचऱ्यात होते. रघूकाकांनी बाटली धरली.” तिचा आवाज खाली गेला. “तुम्ही त्या दिवशी शेवटची सही केली होती. मला सांगवेना. पण इथं खोटं लिहिता येत नाय.”

मी चपला घातल्या आणि कुंडलिका नदीच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. तेहतीस वर्षं. आणि रघूला माहीत, पोरीला माहीत, मला नाही. दोन वर्षं त्या शील्डवरची धूळ पुसतोय. घरी आलो, जेवलो नाही.

कोठी तपासली नाही.

मंगळवार, १० जून

कालचा दिवस ओट्यावर बसून काढला. निशा उद्या जाणार. फॉर्म टेबलावर तसाच, कोरी ओळ वर करून ठेवलेला.

आज सकाळी ती माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, “बाबा, तो जीन सगळीकडे नाय म्हणतो, म्हणून शरीर धड होतं. कुणाला कळतसुद्धा नाय की तो तिथं हाय. एका पट्ट्यावर जरा ढिला पडला, म्हणून मला त्याचं काम दिसलं.” मग म्हणाली, “त्या गोदामातलं एक तरी पोतं किडलं म्हणून कधी परत आलं होतं?”

“एकही नाही,” मी म्हटलं. हे खरंच आहे.

“मग?”

मी तिला चहा आणायला पाठवलं. ती आत गेल्यावर फॉर्म पुढे ओढला आणि माझ्या पेनाने ओळ भरली : धान्य गोदाम, रोहा. तिसऱ्या थप्पीमागे. ३१ मार्च २०२३. खाली नमुना घेणाऱ्याची सही निशाची होती. तिच्या शेजारी जागा नव्हती, तरी बसवून लिहिलं, ‘त्या दिवशी कामावर असलेला गोदामपाल’, आणि नोंदवहीत करायचो तशीच पुरी सही केली, लफ्फेदार.

निशा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. कप हातातच राहिले. रंभा मागून ओरडली, “अगो, चहा सांडतंय!”

वंशाला आता नाव द्यायचंय म्हणे, नंबर चालत नाही. मी म्हटलं, रोहा ठेव. जगातले लोक वाचतील, आमच्या गावचं नाव असू दे.

कोठी तपासली. शोकेस तपासली.

कीड : आहे.